नौदलाचे पंख कोण छाटते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नगरला पाहुणे आले, की आपण त्यांना भुईकोट किल्ला दाखवतो, चांदबिबीच्या महालावर घेऊन जातो आणि बरोबर मुले असतील तर रणगाडा संग्रहालयातली फेरी ठरलेलीच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमुळे रणगाडा हा आपल्याला घरचाच वाटतो. के. के. रेंजवरच्या तोफांचे आवाज ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. समुद्राशी मात्र आपला संबंध सहलीपुरता. मोठे पाणी म्हणायचे तर आपले मुळा धरण, नाहीतर भंडारदरा. अशा जिल्ह्यातल्या श्रोत्यांसमोर आज मी नौदलाच्या विमानांविषयी बोलणार आहे. विषय लांबचा वाटेल, पण तो तसा नाही.

रणगाड्यांचे संग्रहालय जसे नगरला, तसे नौदलाच्या विमानांचे संग्रहालय गोव्यात आहे. दाबोळी विमानतळापासून जवळच, बोगमाळोच्या वाटेवर. तिथे उघड्यावर एक भले थोरले जुने विमान उभे आहे. चार पंख्यांचे आणि मागे तीन शेपट्या असलेले. त्याचे नाव सुपर कॉन्स्टेलेशन. या जातीची विमाने आधी एअर इंडियाची होती आणि उतारूंना घेऊन परदेशी जात. जेट विमाने आल्यावर साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती हवाई दलाकडे गेली आणि त्यांतली काही समुद्रावर टेहळणी करू लागली. शेवटी १९७६ मध्ये ती नौदलाला मिळाली. म्हणजे समुद्र राखायची जबाबदारी नौदलाची, पण समुद्रावर लांबवर नजर टाकणारे विमान दुसऱ्या दलाचे, अशी स्थिती स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीस वर्षे होती. १९७१ चे युद्धही तशाच स्थितीत लढले गेले.

असे का झाले? आणि त्यानंतरही नौदलाचे विमानदळ सदैव ओढगस्तीत का राहिले? याची दोन उत्तरे दिली जातात. एक, तिन्ही दलांमधली चढाओढ. दुसरे, पैशाची कपात. माझे म्हणणे असे, की या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. पहिली दुसरीला वाट करून देते. घरातल्या भावाभावांत एकमत नसले, की पैसे न देणाऱ्याला आयते कारण मिळते.

पण आधी नगरकराने या भानगडीत का पडावे, ते सांगतो.

आपल्या इतिहासातच याचा एक धडा आहे. १५७० च्या अखेरीस नगरच्या मुर्तझा निजामशहाने कोकणातल्या चौलला वेढा घातला. चौलला पोर्तुगीज होते. त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता. निजामशहाची फौज पोर्तुगीजांच्या कितीतरी पट मोठी होती. घोडदळ होते, हत्ती होते, मोठ्या तोफा होत्या. वेढा महिनोन् महिने चालला. पण चौलच्या पाठीमागचा समुद्र पोर्तुगीजांना मोकळा होता. जमिनीवरून कोंडलेल्या त्या ठाण्याला समुद्रावरून माणसे येत राहिली, दारूगोळा आणि धान्य येत राहिले. अखेर १५७१ मध्ये निजामशहाला तह करून परत फिरावे लागले. जमिनीवरची सारी ताकद हाती असून समुद्र हाती नसला तर काय होते, हे नगरच्या दरबाराने साडेचारशे वर्षांपूर्वी अनुभवले. पुढच्या शतकात शिवछत्रपतींनी स्वतःचे आरमार उभारले, ते समुद्राचे हे मोल ओळखूनच.

आजची गोष्ट घ्या. घोडेगावच्या बाजारातून निघालेला कांदा न्हावाशेवा बंदरातून आखातात जातो. शेतातला डिझेल पंप ज्या तेलावर चालतो, ते बहुतांश जहाजातून येते. आपल्या गरजेच्या तीन चतुर्थांशाहून जास्त खनिज तेल परदेशातून येते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हौथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. भाडे वाढले, माल पोचायला जास्त दिवस लागू लागले आणि २०२४ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या द्राक्ष निर्यातदारांना त्याची झळ बसली. समुद्र आपल्यापासून दोनशे किलोमीटरवर असेल, पण तिथली गडबड आपल्या बाजार समितीत ऐकू येते.

आता नौदलाला विमाने लागतात कशाला, ते थोडक्यात पाहू. तीन कामांसाठी. पहिले काम डोळ्यांचे. नौकेवरच्या माणसाला आणि रडारला क्षितिजापर्यंतच दिसते. त्यापलीकडे काय आहे, हे वर गेल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी किनाऱ्यावरून उडून तासन् तास समुद्रावर फिरणारी टेहळणीची विमाने लागतात. दुसरे काम पाणबुडी शोधायचे. हेलिकॉप्टर पाण्यावर स्थिर राहून पाण्यात सोनार सोडते, आवाज टिपते आणि पाणतीर टाकते. पाणबुडीला नौकेची भीती असते त्यापेक्षा हेलिकॉप्टरची जास्त असते, कारण त्याच्यावर तिला सहजी उलट वार करता येत नाही. तिसरे काम ढालीचे आणि तलवारीचे. किनाऱ्यापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असलेल्या ताफ्यावर विमाने चालून आली, तर त्यांना अडवायला लढाऊ विमाने तिथेच हवीत. त्यासाठी विमानवाहू नौका.

हवाई दलाची विमाने हे काम करू शकणार नाहीत का? काही प्रमाणात जरूर करू शकतात. आपल्या शेजारी, पुण्याच्या लोहगाव तळावर, जहाजांवर मारा करणारी जॅग्वार विमाने पुष्कळ वर्षे होती. जानेवारी २०२० मध्ये तंजावरला सुखोई-३० विमानांची एक तुकडी ब्रह्मोस क्षेपणास्त्रासह उभी राहिली, तीही समुद्र डोळ्यांपुढे ठेवूनच. पण किनाऱ्यावरून उडालेले विमान लांब जाते तसा त्याचा तिथे थांबायचा वेळ कमी होत जातो. शिवाय युद्धाच्या ऐन धामधुमीत हवाई दलाच्या प्रमुखाला उत्तर सीमाही सांभाळायची असते. तेव्हा समुद्रावर गेलेल्या भावाची हाक ऐकू आली, तरी विमान मोकळे असेलच असे नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्याची बैलजोडी मिळत नाही, तसेच हे.

ही भांडणे फक्त आपल्याकडची नाहीत. ब्रिटनने १ एप्रिल १९१८ रोजी लष्कराची आणि नौदलाची विमाने एकत्र करून स्वतंत्र हवाई दल काढले. जगातला तो पहिलाच मोठा प्रयोग. त्यानंतर वीस वर्षे ब्रिटिश नौदलाच्या नौकांवरची विमाने हवाई दलाच्या ताब्यात होती. हवाई दलाचे लक्ष बॉम्बफेकी विमानांवर आणि देशाच्या बचावावर, नौकांवरची विमाने म्हणजे सावत्र लेकरू. १९३७ मध्ये ती नौदलाला परत द्यायचे ठरले आणि मे १९३९ मध्ये ती प्रत्यक्ष मिळाली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध पेटले. त्या वेळी जपान आणि अमेरिकेच्या नौकांवर नवी विमाने येत होती आणि ब्रिटिश वैमानिक दुहेरी पंखांच्या, कापड ताणलेल्या स्वोर्डफिश विमानांतून उडत होते. त्याच विमानांनी नोव्हेंबर १९४० मध्ये इटलीच्या तारांतो बंदरात तीन युद्धनौकांना तडाखा दिला, हे त्या वैमानिकांचे शौर्य. सरकारच्या दूरदृष्टीचा त्यात काही वाटा नव्हता.

अमेरिकेत १९४९ मध्ये हेच घडले. 'युनायटेड स्टेट्स' नावाच्या मोठ्या विमानवाहू नौकेची बांधणी सुरू झाली आणि पाचच दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी ती रद्द केली. पैसा कमी होता, आणि अणुबॉम्ब टाकणारी हवाई दलाची लांब पल्ल्याची विमाने असताना अशा नौका हव्यात कशाला, असा युक्तिवाद जोरात होता. नौदलाचे अधिकारी उघडपणे विरोधात उभे राहिले. वर्ष उलटले आणि जून १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले. दक्षिण कोरियातले विमानतळ शत्रूने भराभर घेतले. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात विमानवाहू नौकांवरून उडालेली विमाने प्योंगयांगवर हल्ले करत होती.

ब्रिटनने यातून धडा घेतला असता, तर पुढची गोष्ट घडली नसती. १९६६ मध्ये पैशाच्या तंगीपायी तिथल्या सरकारने नवी मोठी विमानवाहू नौका रद्द केली. समुद्रावरचे संरक्षण आम्ही बेटांवरच्या तळांवरून देऊ, असे हवाई दलाने सांगितले होते. सत्तरच्या दशकाअखेर शेवटची मोठी नौका गेली आणि तिच्याबरोबर लांबून इशारा देणारी रडारची विमानेही गेली. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली. ब्रिटनपासून ती सुमारे १३ हजार किलोमीटरवर. तिथे ना हवाई दलाचा तळ, ना इशारा देणारी विमाने. 'हर्मीस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन लहान नौकांवरच्या मूठभर सी हॅरियर विमानांवर सगळी भिस्त. ४ मे रोजी 'शेफील्ड' या विनाशिकेवर क्षेपणास्त्र आदळले आणि वीस माणसे गेली. ते क्षेपणास्त्र सोडणारी विमाने लांबूनच हेरणारा डोळा काही वर्षांपूर्वीच काटकसरीत गेला होता.

या दोन नौकांतली 'हर्मीस' आपल्या ओळखीची आहे. तीच १९८७ मध्ये भारतीय नौदलात 'विराट' म्हणून आली.

आपल्याकडे नौदलाच्या विमानदळाची सुरुवात १९५३ मध्ये कोचीच्या 'गरुड' तळावर झाली. पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' मार्च १९६१ मध्ये बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. एवढी महागडी नौका गरीब देशाला हवी कशाला, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती, तेव्हा टीकाकारांना बळच मिळाले. १९७१ मध्ये तिच्या बॉयलरला तडा गेलेला होता आणि पूर्ण वेगाने धावणे धोक्याचे होते. तरीही नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला बंगालच्या उपसागरात पाठवायचे ठरवले. ४ डिसेंबर १९७१ पासून तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रमार्गे निसटायची वाट राहिली नाही. चौलच्या वेढ्यात जे निजामशहाला जमले नव्हते, ते इथे झाले.

तरीही त्या युद्धातून निघालेला शहाणपणा अमलात यायला पाच वर्षे लागली. १९७६ मध्ये टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली. त्यानंतर काय झाले पहा. १९७७ मध्ये रशियन बनावटीची आयएल-३८ विमाने आली, १९८८ मध्ये लांब पल्ल्याची टीयू-१४२ आली आणि २०१३ मध्ये आजची पी-८आय विमाने. ज्याचे काम, त्याच्या हाती साधन आले, की त्या साधनाची वाढ होते. यात हवाई दलाचा पराभव कुठेच झाला नाही, देशाचे काम झाले.

विमानवाहू नौकांचे मात्र तसे झाले नाही. जानेवारी १९९७ मध्ये जुनी 'विक्रांत' निवृत्त झाली. तिची जागा घेणारी नौका तयार नव्हती, कारण १९९१ च्या आर्थिक संकटानंतर नव्या नौकांच्या योजना मागे पडत गेल्या होत्या. १९९७ पासून २०१३ पर्यंत, सोळा वर्षे, देशाकडे एकटी 'विराट' होती. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध झाले, तेव्हा तीही दुरुस्तीला गेलेली होती. १९६५ मध्ये 'विक्रांत' गोदीत, १९९९ मध्ये 'विराट' गोदीत. नौका एकच असली, की युद्ध काही तिच्या सोयीने येत नाही. नौदल तीन नौका मागते, त्यामागचा हिशेब एवढाच आहे. एक दुरुस्तीत गेली, तरी पश्चिमेला एक आणि पूर्वेला एक राहावी.

गरज तातडीची झाली, की भाव दुसरा ठरवतो. 'विक्रमादित्य' या रशियन नौकेचा करार २००४ मध्ये झाला, तेव्हा तिच्या दुरुस्तीचा खर्च ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरला होता. तो वाढत वाढत २३५ कोटी डॉलरवर गेला आणि नौका हाती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. ज्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकान नाही, त्याला घासाघीस करता येत नाही. कोचीत बांधलेल्या नव्या 'विक्रांत'चा कणा २००९ मध्ये घातला गेला आणि ती २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. आपण स्वतः एवढी मोठी नौका बांधली, ही अभिमानाचीच गोष्ट. पण तिच्यावर लढाऊ विमान पहिल्यांदा उतरले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. आणि उतरणाऱ्या विमानांची तऱ्हा काय होती? रशियाकडून घेतलेली ४५ मिग-२९के विमाने. त्यांच्यापैकी एका वेळी प्रत्यक्ष उडायला तयार असणाऱ्या विमानांचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्के होते, असे 'कॅग'ने २०१६ मधल्या अहवालात म्हटले. गोठ्यात दहा गाई आणि दुभत्या दोन-तीन, असा तो प्रकार. नवी राफेल-एम विमाने घ्यायचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. विमाने २६, किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये. ती २०२८ पासून यायची आहेत.

हेलिकॉप्टरांची कथा तर अधिक बोचरी आहे, कारण ती गाजत नाही. अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडकले. त्यांच्या जागी नवी घ्यायची म्हणून सोळा हेलिकॉप्टरांची निविदा निघाली, वर्षानुवर्षे चाचण्या आणि वाटाघाटी झाल्या आणि २०१७ मध्ये ती रद्द झाली. मग २०२० मध्ये अमेरिकेकडून २४ एमएच-६०आर घ्यायचे ठरले आणि त्यांची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीला उभी राहिली. मधल्या काळात नव्याकोऱ्या युद्धनौका पाण्यात उतरत होत्या. त्यांच्यावर हेलिकॉप्टर ठेवायची जागा होती, उतरायची जागा होती, हेलिकॉप्टरे मात्र पुरेशी नव्हती. विहीर बांधली, मोट आणली, पण बैलच नाहीत. लहान कामांसाठी पन्नासच्या दशकात रचना झालेले चेतकच उडत राहिले. त्यांच्या जागी १११ हेलिकॉप्टरे घ्यायला ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे चेतकच उडत राहिले.

आता पैशाकडे वळू. संरक्षणाच्या अर्थसंकल्पात नौदलाचा वाटा २०१२-१३ मध्ये १८ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये १३ टक्क्यांवर आला, असे तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह यांनी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढे तो काहीसा सावरला. पण त्या ओढाताणीत टेहळणीच्या आणखी दहा पी-८आय विमानांची मागणी सहावर आणावी लागली. विमानदळावरच कात्री का चालते? कारण बांधायला घेतलेली नौका अर्धवट सोडता येत नाही, माणसांचे पगार थांबवता येत नाहीत, विमानाची खरेदी मात्र एक वर्ष पुढे ढकलता येते. मग आणखी एक वर्ष.

आणि नेमके इथेच चढाओढीचा हात कपातीच्या हातात जातो. २०२० मध्ये तिसऱ्या विमानवाहू नौकेचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी जाहीर शंका घेतली. अशी नौका महाग, क्षेपणास्त्रांना सहज सापडणारी, त्यापेक्षा पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा, असा त्यांचा रोख होता. नौदलप्रमुखांनी त्याच वर्षी सांगितले, की समुद्रावर हवाई बळ हवेच हवे. दोघेही जबाबदार, दोघांनाही देशाची काळजी. पण अशा वेळी खजिन्याच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याने काय करावे? तो एवढेच म्हणतो, आधी तुमचे तुम्ही ठरवा. 'नाही' म्हणायचे पापही त्याच्या माथी येत नाही. फाइल परत जाते आणि दोन वर्षे निघून जातात.

हवाई दलाची आणि लष्कराची बाजू चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. हवाई दलाला मंजुरी आहे ४२ स्क्वाड्रनची. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाली तेव्हा उरल्या होत्या २९. ज्याच्या स्वतःच्या अंगावर फाटके, त्याने भावासाठी शालीचा आग्रह धरावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. २०२० मध्ये गलवानला आपले जवान धारातीर्थी पडले, तेव्हापासून उत्तरेची सीमा लष्कराला उसंत देत नाही. २०२५-२६ च्या संरक्षण अर्थसंकल्पातल्या सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांपैकी १ लाख ६० हजार कोटींहून जास्त निवृत्तिवेतनाचे होते आणि नव्या खरेदीसाठी व बांधकामांसाठी भांडवली रक्कम १ लाख ८० हजार कोटी. ते निवृत्तिवेतन म्हणजे आपल्याच गावातल्या कोणा फौजीच्या घरची चूल. तिच्यावर बोट ठेवायचे नाही. पैसा कमी आहे, हे खरेच आहे. म्हणून तर भांडून तो वाया घालवणे परवडत नाही.

आणि ही चढाओढ फक्त समुद्रावर नाही. रणगाड्यांच्या माथ्यावर राहून लढणारे हल्ला करणारे हेलिकॉप्टर कोणाचे असावे, यावर लष्कर आणि हवाई दल यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला. नगरच्या माणसाला हे चटकन समजेल. रणगाड्याच्या तुकडीला जे हेलिकॉप्टर हवे, ते तिच्याच हुकमतीत असावे, असे लष्कर म्हणत होते. हवाई दलाकडे २२ अपाचे आली, लष्करासाठी सहांचा करार २०२० मध्ये झाला आणि त्यांतली पहिली २०२५ मध्ये पोचली. रणगाडेवाल्यांची जी तक्रार, तीच खलाशांची.

यात सर्वांत मोठे नुकसान यंत्रांचे होत नाही, माणसांच्या हातातल्या कसबाचे होते. डोलणाऱ्या नौकेच्या आखूड पट्टीवर विमान उतरवणे पुस्तकातून येत नाही. उतरणारा वैमानिक, त्याला खूण करणारा अधिकारी, दोर सांभाळणारा खलाशी, इंजिन खोलणारा तंत्रज्ञ, या सर्वांची साखळी असते. मार्च २०१६ मध्ये 'विराट'वरून सी हॅरियर शेवटचे उडाले. 'विक्रमादित्य' वेळेत आली होती, म्हणून ती साखळी तुटली नाही. एकदा तुटली, तर पैसे असूनही ती दहा-पंधरा वर्षांत जोडता येत नाही. खरेदी पुढे ढकलली, म्हणजे पैसे वाचले, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात जुन्या विमानांवर उडणाऱ्या तरुण मुलांच्या जिवावर आपण ती बचत केलेली असते.

मग करायचे काय? मार्ग अवघड आहे, पण अज्ञात नाही. मार्च २०२४ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर, चाच्यांनी 'रुएन' नावाचे व्यापारी जहाज धरून ठेवले होते. नौदलाची 'कोलकाता' तिथे गेली. नौदलाचे पी-८आय वरून नजर ठेवून होते. हवाई दलाचे सी-१७ भारतातून उडून सुमारे अडीच हजार किलोमीटरवर गेले आणि त्यातून नौदलाचे मरीन कमांडो नावांसह समुद्रात उतरले. जहाजावरचे सतराही जण सुखरूप सुटले. पस्तीस चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईला आणले गेले. इथे कोणी विचारले नाही, की विमान कोणाचे. प्रत्येक दलाने आपल्याकडचे, आपल्याला चांगले जमणारे साधन आणले. त्या दिवशी जे आकाशात झाले, ते दिल्लीतल्या टेबलावर व्हायला हवे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेत. पहिली, १९७६ चा धडा. काम ज्याचे, साधन त्याच्या हाती. नौकेबरोबर राहणारे विमान आणि हेलिकॉप्टर नौदलाचे, यावर पुन्हा वाद नको. दुसरी, दोन दलांत मतभेद झाले तर निर्णय किती दिवसांत द्यायचा, याची मुदत. निर्णय 'नको' असा झाला, तरी चालेल. तिसरी नौका नको असेल तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे तो पैसा पाणबुड्यांना आणि टेहळणीच्या विमानांना मिळेल. सर्वांत वाईट ते, की ना हो ना नाही. तिसरी, विमानदळाच्या पैशाची पाच-दहा वर्षांची हमी. दरवर्षी फेब्रुवारीत काय पदरी पडेल याची वाट पाहत वैमानिक घडवता येत नाहीत.

श्रोतेहो, जुनी 'विक्रांत' संग्रहालय म्हणून मुंबईत काही वर्षे उभी होती. तिला जपायला पैसे जमले नाहीत आणि २०१४ मध्ये ती भंगारात गेली. २०२० मध्ये 'विराट'ही अलंगला मोडीत निघाली. आठवणी जपायला पैसे नव्हते, हे एक वेळ समजून घेता येईल. पण ज्या तरुण मुलांना आपण समुद्रावर पाठवतो, त्यांच्या डोक्यावर आपले विमान असावे, एवढा हिशेब तरी जमला पाहिजे. पुढच्या वेळी घोडेगावच्या बाजारातून न्हावाशेव्याकडे निघालेला कांद्याचा ट्रक दिसला, तर एवढे जरूर आठवा, की त्याची वाट बंदरावर संपत नाही. तिथून पुढे ती समुद्रावरून जाते, आणि त्या वाटेची राखण करणाऱ्यांना पंख लागतात.